माहिती एकट्याची नसते

(कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



पाळत म्हणजे काय, हे आपल्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना सांगावे लागत नाही. १९७५ च्या आणीबाणीत संघावर बंदी आली, हजारो कार्यकर्ते कारागृहात गेले. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, आणीबाणीत अटकेविरुद्ध नागरिकाला न्यायालयात दादही मागता येणार नाही. त्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्याच निकालात त्यांचे सुपुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरविला.

अधिकार मिळाला, तो राखायचा कोणी? पूर्वी पाळत ठेवणारा दाराबाहेर उभा असे. आज आपण त्याला स्वहस्ते घरात आणले आहे. संकेतस्थळ उघडताच ते आपल्या संगणकावर ‘कुकी’ नावाची छोटी नोंद ठेवते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ती योजली, ती पुन्हा आलेला ग्राहक ओळखता यावा म्हणून. पुढे जाहिरात कंपन्यांनी असंख्य संकेतस्थळांवरील अशा नोंदी एकत्र जोडल्या. घरात कोणते आजारपण आहे, कोणाचे लग्न ठरवायचे आहे, कर्जाची निकड किती आहे, याचा अंदाज त्यांतून बांधला जातो. ‘फुकट’ सेवेचे मोल आपण असे चुकते करतो.

कोणी म्हणेल, माझ्यापाशी लपविण्यासारखे काय आहे? २०१८ साली उघड झालेले केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण आठवा. फेसबुकनेच दिलेल्या माहितीनुसार भारतात ते ॲप घेणारे होते अवघे ३३५. पण माहिती उघडी पडली असण्याची शक्यता होती सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची. बाकीचे सारे त्यांच्या मित्रयादीतले! एकाने दार उघडे टाकले आणि साऱ्या वाड्याची झडती झाली.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मात्र याच कायद्यात देशाच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी शासकीय यंत्रणांना सूट देण्याचीही तरतूद आहे. सुरक्षा हवीच, परंतु आणीबाणी भोगलेल्यांनी त्या सवलतीवर नजर ठेवली पाहिजे, सत्ता कोणाचीही असो.

कायद्याआधी घराची शिस्त. या रविवारी सर्वांनी एकत्र बसावे. कोणते ॲप संपर्कयादी, ठिकाण, ध्वनी मागते ते पाहावे. अनावश्यक परवानगी काढून घ्यावी. शाखेची, सोसायटीची, नातलगांची नावे व क्रमांक परस्पर कोणाला देऊ नयेत. ती आपली मालमत्ता नव्हे, आपल्यावर टाकलेला विश्वास आहे. तो जपणे हेही समाजकार्यच होय.