यंत्राची साक्ष आणि न्यायाधीशाचा विवेक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात कंधार येथे दिलेले भाषण)



संगणकाचे गुन्हे आणि न्यायाधीशांचे कार्य या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चालकांची आज्ञा झाली. विषय नवा असला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न जुनाच आहे. आपल्या भागात मोडी लिपीतील आणि निजामी अमदानीतील उर्दू कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. असा कागद न्यायालयापुढे आला म्हणजे तो कोणाच्या हातचा, कोणाच्या ताब्यातला आणि त्याच्या खरेपणाची ग्वाही कोण देतो, हे प्रथम विचारले जाई. आज कागदाच्या जागी चित्रफीत किंवा मोबाइलवरील संदेश आला आहे. प्रश्न मात्र तोच आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याच्याबरोबर १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ६५-ब घालण्यात आले. संगणकातून काढलेली प्रत न्यायालयात द्यावयाची असेल तर ती कोणत्या यंत्रातून व कशी निघाली, याचे प्रमाणपत्र जबाबदार माणसाच्या सहीने जोडावे, असा त्याचा आशय. यंत्र शपथ घेऊ शकत नाही. म्हणून यंत्राच्या मागे माणूस उभा करावा लागतो.

या नियमाची कसोटी आपल्या मराठवाड्यातच लागली, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचा निकाल अवघ्या २९६ मतांनी लागला. विजयी उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारले गेले, असा आक्षेप घेऊन प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आले. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण उपलब्ध होते. परंतु वारंवार मागणी करूनही कचेरीने प्रमाणपत्र दिले नाही. आम्हांस येथे कोणत्याही पक्षाशी कर्तव्य नाही. प्रश्न एवढाच की, कचेरीने कागद अडवून ठेवला म्हणून दाद मागणाऱ्याचा हक्क बुडावा काय? तहसिलीच्या पायऱ्या झिजविलेल्या प्रत्येक कुटुंबास या प्रश्नाची धार कळेल.

न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे यांनी २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निर्णय दिला. निवडणूक अधिकाऱ्यांची उलटतपासणीतील साक्ष त्यांनी प्रमाणपत्राच्या जागी पुरेशी मानली, अन्य पुरावाही तपासला आणि ती निवड रद्द ठरविली. अपिलात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. प्रमाणपत्र आवश्यकच आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र ज्याने आपल्या हातचे सर्व प्रयत्न केले त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा करीत नाही, असेही त्यांनी बजावले. उच्च न्यायालयाच्या निर्णयाचे फळ अशा रीतीने कायम राहिले. त्या विधानसभेची मुदत तोवर संपली होती खरी. पण खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने तो निकाल आज देशभरातील न्यायालयांत आधाराला घेतला जातो.

यावरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. संगणकाचे गुन्हे जाणणारा न्यायाधीश म्हणजे यंत्रांचा कारागीर नव्हे. नियम सैल झाला तर बनावट चित्रफितीवरून निरपराध माणूस तुरुंगात जाईल. नियम आंधळेपणाने ताणला तर खरा फिर्यादी रिकाम्या हाती परतेल. या दोहोंमधील वाट शोधणे हेच त्याचे खरे नैपुण्य होय.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. एक पुरावा देणाऱ्याचा व दुसरा तज्ज्ञाचा. त्यात नोंदीचा ‘हॅश’ लिहावा लागतो. हा नोंदीचा अंकाक्षरी ठसाच समजा. मूळ नोंदीत एक अक्षर बदलले तरी तो बदलतो.

हे ज्ञान घरोघर उपयोगी पडावे म्हणून थोडे व्यवहाराचे सांगतो. फसवणूक झाली तर फोनमधील संदेश पुसू नयेत. मूळ फोन त्याच्या मालकाने साक्षीच्या वेळी स्वतः हजर करणे हा चांगला पुरावा आहे. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. चित्रफितीच्या संभाषणावर कोणाला अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. तसे भय घालणारा गृहस्थ भामटाच समजावा. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसविणाऱ्यास कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. लज्जेपोटी गप्प बसणे हेच चोराचे भांडवल होय.

शेवटी तरुणांस विनंती. आपल्या समाजातील मुलेमुली संगणक शिकतात, काही कायदा शिकतात. दोन्ही विद्या एकत्र आणणारे मात्र थोडे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो, आणि असे खटले तालुक्याच्या न्यायासनापुढेही येतात. त्या आसनावर उद्या आपल्यातील एखादी मुलगी बसावी आणि तिने यंत्रास भुलू नये, कचेरीस भिऊ नये, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतो.