खाऱ्या पाण्याचें रीळ



नांदेडच्या माणसानें समुद्रावरील मासेमारीविषयीं बोलावें, हें ऐकून कोंकणांतील मंडळींना हसूं येईल. आमचा समुद्र म्हणजे गोदावरी. शाळेंतून निवृत्त झाल्यावर तिच्याच कांठीं मी गळ टाकावयास शिकलों, आणि माझें साधें स्पिनिंग रीळ तेथें सात वर्षें बिनतक्रार चाललें.

तेंच रीळ घेऊन नातवासह मी रत्नागिरीस गेलों. भाट्याच्या खाडीच्या मुखाशीं चार दिवस आम्हीं गळ टाकला. पांचव्या दिवशीं नातवाच्या गळाला मोठा मासा लागला. मासा ओढूं लागला म्हणजे रिळानें थोडथोडी दोरी सोडावयाची असते. त्यासाठीं त्यांत दाबाच्या चकत्या असतात. त्या चकत्या मिठानें धरल्या होत्या. दोरी सुटली नाहीं, तुटली. मुलानें माझ्याकडे पाहिलें; बोलला कांहीं नाहीं. त्या दृष्टीमुळेंच आज मी बोलावयास बसलों आहें.

समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतें, क्षार मागें राहतात आणि हवेंतील ओल ओढून घेतात. शिवाय व्होल्टा यानें १८०० सालीं जगापुढें मांडलेली विजेची घटमाला आठवा : दोन निरनिराळ्या धातूंच्या चकत्या आणि मध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेलें फडकें. ॲल्युमिनियमच्या रिळांत पोलादी स्क्रू बसविला आणि त्यावर समुद्राचें पाणी पडलें, कीं तशीच घटमाला तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजूं लागतें. ही झीज वरून दिसत नाहीं. ती रंगाखालीं चालते.

म्हणून रीळ निवडतांना चकाकीला भुलूं नये. बेअरिंगांची संख्या खोक्यावर ठळक छापलेली असते. पण उघडीं दहा असण्यापेक्षां मोक्याच्या जागीं, विशेषतः मुख्य दांड्यावर आणि दोरी वळते त्या लहान चाकांत, क्षार शिरूं न देणारीं चार बरीं. मॅग्नेशियमचें अंग हलकें असतें. परंतु वरचा लेप खरवडला गेला कीं खाऱ्या पाण्यांत तें लवकर खराब होतें. लेप दिलेलें ॲल्युमिनियम किंवा तंतुमिश्रित प्लॅस्टिक अधिक निर्धास्त. दाबाच्या चकत्यांभोंवतीं पाणी रोखणारी रबरी कडी आहे कीं नाहीं, तें पाहावें. चकत्या थोड्या आवळून दोरी हातानें ओढावी; ती हिसका न देतां सुटली पाहिजे. सुटे भाग मिळतात ना, हेंहि पैसे देण्यापूर्वींच विचारावें.

इतकें करूनहि रीळ टिकवितो तो मालकच. घरीं आल्याबरोबर चकत्या घट्ट आवळाव्या, म्हणजे आंत पाणी शिरत नाहीं. मग गोडें पाणी हलक्या हातानें ओतावें. नळाचा जोराचा झोत मारूं नये; त्यानें क्षार आंत ढकलले जातात. रीळ पुसून सावलींत वाळवावें, चकत्या सैल कराव्या आणि दोरीच्या चाकाला तेलाचा एक थेंब द्यावा.

एवढ्याला पाणी किती लागतें? एक तांब्या. एप्रिल २०१६ मध्यें आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. तें ज्यानें पाहिलें, त्याला गोड्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाहीं. आणि त्याच माणसानें रत्नागिरीस विहीर दारांत असतांना चार दिवस तांब्याभर पाणी ओतावयाचा आळस केला! पांचव्या दिवशीं रीळ अडून बसलें, तर दोष रिळाचा कसा?

नातवासाठीं आतां नवें रीळ घेतलें आहे. निवड माझी, परंतु धुण्याचें काम त्यानें माझ्याकडे ठेवलेलें नाहीं.