पुढच्या चाकातली किरकिर



उसाचा हंगाम सुरू झाला की पालमहून गंगाखेडकडे किंवा लोह्याकडे रात्री गाडी नेणाऱ्याचे डोळे रस्त्याला चिकटलेले असतात. भरलेली ट्रॉली अंधारातून एकदम समोर उभी राहते. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. पाय आपोआप ब्रेकवर जातो. त्या घटकेला आपला आणि गाडीतल्या लेकराबाळांचा जीव ज्या वस्तूवर असतो, ती तळहाताएवढीसुद्धा नसते. तिला ब्रेक पॅड म्हणतात. आपले लोक टायर बघतात, इंजिन ऑइल बघतात, काचेला लिंबू-मिरची बांधतात. पण पुढच्या चाकातला पॅड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला गाडीमालक मला क्वचितच भेटतो.

पुढच्याच चाकातला का? एस.टी.त उभ्याने प्रवास केलेल्या प्रत्येकाला याचं उत्तर माहीत आहे. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला की सगळे प्रवासी पुढे लोटले जातात. गाडीचं वजनही असंच पुढच्या चाकांवर येतं. म्हणून थांबवण्याचं साधारण दोन तृतीयांश काम, कधी त्याहून जास्त, पुढचे ब्रेक करतात आणि तेच आधी झिजतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क, म्हणजे पॅड जिच्यावर घासतात ती चकती, आणि मागे ड्रम असतो, त्याचंही कारण हेच.

गाडी थांबवायची ही धडपड जुनीच आहे. बैलगाडी उताराला लागली की बैल मान ताठ करून, पाय रोवून ओझं थोपवतात आणि गाडीवान कासरा ओढून धरतो. इंग्लंडात डर्बिशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं ठोकत, म्हणजे पकड चांगली बसे. ते पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७ च्या सुमारास ब्रेकचं खास अस्तर बनवायला घेतलं, असं सांगतात. आपले मिस्त्री ज्याला लायनर म्हणतात, त्याचा हा पूर्वज. स्वतः झिजायचं आणि गाडी थांबवायची, हे त्याचं काम तेव्हापासून तेच आहे.

किती सोसतं ते? हजार किलोची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली आहे असं धरा. ती पूर्ण थांबवताना जी उष्णता तयार होते, तिच्यावर पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. एवढं चहाचं आधण चार चाकांत काही सेकंदांत तापतं. आणि वेग ४० वरून ८० वर गेला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं.

नव्या पॅडवरचा घासणारा थर साधारण १० मिलिमीटरचा असतो. ३ मिलिमीटर उरला की बदलायचा. बऱ्याच पॅडना कडेला पोलादाची बारीक पट्टी असते. थर संपत आला की ती डिस्कला टेकते आणि किर्र असा बारीक आवाज येतो. तो आवाज मुद्दाम ठेवलेला आहे, आपल्याला बोलावण्यासाठी. आपण मात्र गाण्याचा आवाज वाढवतो. मग महिन्या-दोन महिन्यांत किरकिरीची खरखर होते. तेव्हा थर संपून लोखंड लोखंडावर घासत असतं आणि पॅडच्या खर्चात डिस्कचाही खर्च मिळतो.

आपल्या भागात हे लवकर होतं. काळ्या मातीचा चिखल चाकात जाऊन वाळतो. पॅडना डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना जाम होतात, आणि मग एकच पॅड सतत घासत राहतो. लेंडी किंवा गळाटी नदीला पूर येऊन गेला की रस्त्यावर उरलेल्या पाण्या-चिखलातून गाड्या जातात. अशा वेळी पुढे गेल्यावर हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक हलके दाबून ते कोरडे करून घ्यावेत. पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी घालूच नये.

पॅड कसे बदलायचे, हे मी किंमत मोजून शिकलो. जुनी गाडी घेतली होती. एका गॅरेजवर डाव्या चाकाचे पॅड गेलेत म्हणाले, आणि फक्त डावीकडचे बदलले. चार पैसे वाचले म्हणून मीही खूश. पुढच्याच आठवड्यात एक म्हैस आडवी आली. ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढली गेली आणि रस्ता सोडून खाली उतरली. म्हैस वाचली, आम्ही वाचलो, पण मागे बसलेल्या आईच्या कपाळाला टाके पडले. पॅड बदलायचे तर दोन्ही चाकांचे, एकाच वेळी, एकाच जोडीतले.

काम सुरू असताना शेजारी उभे राहा. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड लावलेले, आणि नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली भक्कम आधार. कॅलिपर सोडल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू देऊ नका, तारेने बांधायला सांगा. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. डिस्क त्याहून पातळ झाली असेल तर तीही बदला. ब्रेक ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घाला. त्यात चुकूनही इंजिन ऑइल गेलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलावं. आणि गॅरेजवरच्या पोराला ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ त्याच्या छातीत जाते. ओलं फडकं पुरतं.

सर्वांत महत्त्वाचं पुढे आहे. नवे जाड पॅड बसवण्यासाठी कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकललेला असतो. त्यामुळे काम झाल्यावर पहिल्यांदा पेडल दाबलं की ते सरळ तळाला जातं. गाडी जागची हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबायचं. हे विसरून गाडी बाहेर काढली, तर पहिल्या वळणावर ब्रेक नसतो. पुढचे दीड-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ येणार नाही अशी गाडी चालवा. नवा पॅड डिस्कवर बसायला तेवढा वेळ लागतो.

यंदाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत एक काम करा. जवळच्या गॅरेजवर जा, पुढचं चाक उतरवायला सांगा, खाली बसा आणि पॅड किती उरलाय ते स्वतः बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.