आजीची हळद आणि छापील पुरावा
(पुसेगाव, जि. हिंगोली येथील भाषणाचा मजकूर)



पुसेगावात येऊन हळदीविषयी बोलणे म्हणजे पंढरपुरात विठ्ठलाची ओळख करून देणे. तरीही विज्ञान-नियतकालिकांचा विषय मी हळदीपासूनच आरंभणार आहे.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते, हेही ध्यानात असू द्या. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. आपणांस वाटेल, यात सिद्ध ते काय करायचे? बोट कापले की आजी हळद दाबते! परंतु तत्कालीन अमेरिकी कायद्यात परदेशातील वापर हा पुरावा ठरत नसे. छापील उल्लेखच लागे. कोट्यवधी आज्यांची साक्ष तेथे निरुपयोगी होती. परिषदेने ३२ संदर्भ धुंडाळले. त्यांत प्राचीन संस्कृत वचने होती, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक शोधनिबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

छापील शब्दाला हे वजन येते कोठून? शोधनिबंध आला की संपादक तो त्याच विषयाच्या तज्ज्ञांकडे धाडतो. ते उणिवा काढतात, प्रश्न विचारतात, पुष्कळदा परतही पाठवतात. प्रसिद्ध झाल्यावर प्रयोग कोणी, केव्हा केला, याची कायमची नोंद होते. जेथे पैसे भरताच आठवड्यात निबंध छापून मिळतो, तेथे ही परीक्षा होतच नाही. पदोन्नतीसाठी असल्या दुकानांत जाणारे प्राध्यापक आपल्याकडे थोडे नाहीत, हे खेदाने म्हणावे लागते.

व्यवहाराचीही एक गंमत पाहा. सहसा लेखकाला मानधन नाही, परीक्षकाला नाही. पण तोच निबंध वाचण्यासाठी ग्रंथालयांनी परदेशी प्रकाशकांना जबर वर्गणी मोजायची! नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये आणि जवळपास १३,००० नियतकालिके. सरकारी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना त्यांचे दार उघडले, हे उत्तमच. परंतु वाचण्याची सोय झाली, लिहिण्याचे काय?

आपल्या घरांत कृषी पदवीधर आहेत. हळदीच्या कंदकुजीवर, शिजवणीवर त्यांनी केलेले प्रयोग कोणत्या वहीत पडून आहेत, एवढे आज घरी गेल्यावर त्यांना विचारा.