स्वागताध्यक्षांचे भाषण : तुडील

अध्यक्ष महोदय, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक, विद्यार्थी मित्रहो आणि माझ्या खाडीपट्ट्यातल्या बंधुभगिनींनो,

महाड म्हटलं की पाहुण्यांना रायगड आणि चवदार तळं आठवतं, आणि 20 मार्च 1927 च्या तिथल्या सत्याग्रहाचा आम्हाला अभिमान आहेच. पण त्याच्या चाळीस वर्षं आधी आमच्याच भागातल्या रावढळच्या एका सुपुत्राने अस्पृश्यतेविरुद्धचा लढा कागदावर उतरवला होता. गोपाळबाबा वलंगकर! 1886 साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला राहिले, ‘दीनबंधू’ वृत्तपत्रात लिहू लागले. 1888 मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. त्यात अस्पृश्यता मानणाऱ्यांना 26 प्रश्न विचारले होते. 1895 साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांना त्यांच्याबरोबर बसणं रुचलं नाही. शाळेच्या पुस्तकात बाबांना एक पानही मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच तालुक्यातल्या नाते गावचे. भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते अनेक वर्षं अध्यक्ष होते.

आता आपला विषय. समजा, एखाद्या मानसशास्त्रीय मोजपट्टीतही असेच 26 प्रश्न आहेत, तर त्यांच्या उत्तरांच्या मुळाशी घटक, म्हणजे सुप्त गुण, किती हे ठरवायचं कसं? आयगेन मूल्य म्हणजे एका घटकाने उत्तरांतला किती फरक सामावला त्याचं माप; एकाहून मोठी आयगेन मूल्यं मोजायचा मानसशास्त्रज्ञ कैसरचा नियम सोपा, पण तो बरेचदा जास्त घटक दाखवतो. मानसशास्त्रज्ञ हॉर्न यांनी 1965 मध्ये समांतर विश्लेषण सुचवलं : तितक्याच माणसांची, तितक्याच प्रश्नांची यदृच्छेने उत्तरं तयार करा आणि त्यांच्या आयगेन मूल्यांच्या वर जे घटक उठतील तेवढेच धरा. मला ही पद्धत पटते. घटकांच्या संख्येचा हा प्रश्न आपल्या जवळचाही आहे : पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने मानसशास्त्रज्ञ गिलफर्डच्या बुद्धीच्या प्रतिमानावर मराठी चाचण्या केल्या. त्या प्रतिमानात 120 क्षमता मांडल्या होत्या. त्या आकड्याच्या पुराव्यावर 1973 मध्ये शंका घेणाऱ्या दोघांतले एक हेच हॉर्न.

आता आपल्या मुक्कामाविषयी. व्यवस्थेत उणिवा आहेत. निवास वर्गखोल्यांत आहे, गाद्या कमी पडल्या, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत थांबावं लागेल. पोटात घ्या. तांदूळ देणारे शेतकरी, मंडपाचं भाडं न घेणारे मंडपवाले, मुंबईहून वर्गणी पाठवणारे चाकरमानी, शाळा मोकळी करून देणारे शिक्षक, सगळ्यांचे आभार. बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून चुलीपुढे आहेत. तांदळाच्या भाकऱ्या थापून झाल्या, वालाचं बिरडं शिजतंय. त्यांचे आभार मानायला माझ्याकडे शब्द अपुरे आहेत.

शेवटी अभ्यासकांकडे एकच मागणं. पुण्यात किंवा अमेरिकेत निघालेली घटकांची संख्या आमच्या मुलांवर तशीच लावू नका. इथल्या शाळांत या, इथल्या मुलांची उत्तरं घ्या आणि मग संख्या ठरवा. शाळांची परवानगी मिळवून द्यायचं काम स्वागत समितीकडे लागलं.