जोडीची परीक्षा



अध्यक्षाने शास्त्राचा इतिहास सांगावा आणि भविष्याविषयी आशा व्यक्त करावी, अशी आपल्या परिषदांची रीत आहे. इतिहास मी एका वाक्यात उरकतो: २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातले पहिले मेडिकल सायक्लोट्रॉन सुरू झाले आणि पेट स्कॅन आपल्या दारात आला. आशेचे काम पुढच्या वक्त्यांकडे सोपवतो. मला बोलायचे आहे ते पेट आणि एमआरआय एकत्र बसवलेल्या स्कॅनरविषयी, म्हणजे तो ताब्यात घेताना आपण जे तपासतो त्याविषयी.

माझे म्हणणे असे की हा स्कॅनर आपण दोनदा तपासतो, आणि तरी तो तपासायचा राहतोच. पेटसाठी नेमाचे एनयू २ मानक, एमआरआयसाठी एसीआरचा फँटम. दोन्ही अहवालांत आकडे मर्यादेत, सह्या झाल्या. रुग्ण आत जातो तेव्हा मात्र ग्रेडियंटची ठकठक चालू असते, आरएफ चालू असते आणि छातीवर कॉइल बांधलेली असते. त्या अवस्थेतला आकडा कुठल्याच अहवालात नसतो. गायक आणि तबलजी यांची वेगवेगळ्या खोल्यांत परीक्षा घेऊन मैफल पक्की झाल्याचे कळवावे, तसे हे.

जुन्या पेटमधल्या फोटोमल्टिप्लायर नळ्या चुंबकाजवळ निकामी ठरतात. म्हणून फिलिप्सने एकाच खोलीत दोन यंत्रे दूर ठेवली आणि मध्ये फिरते टेबल दिले. सीमेन्सने २०१० मध्ये बायोग्राफ एमएमआरमध्ये ॲव्हलांश फोटोडायोड वापरून पेटचे कडे थेट ३ टेस्लाच्या चुंबकात बसवले; पुढे जीईच्या सिग्नामध्ये सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर आले. एमएमआरच्या २०११ च्या प्रसिद्ध मोजणीत मध्यापासून १ सेंटिमीटरवरचे विभेदन ४.३ मिलिमीटर आले. उत्तम आकडा आहे. पण फोटोडायोडचे वर्धन तापमानानुसार बदलते आणि ग्रेडियंट आजूबाजूचे भाग तापवतात. तेव्हा शांत चुंबकात घेतलेली मोजणी ही अर्धी मोजणी.

नेमाच्या मानकाला दोष देण्यात अर्थ नाही. ते पेट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. संवेदनशीलता मोजायला ७० सेंटिमीटर लांबीची नळी आणि तिच्यावर एकावर एक चढवायची ॲल्युमिनियमची आवरणे लागतात. ग्रेडियंट चालू ठेवून तोच प्रयोग केला, तर त्या धातूत एडी करंट फिरू लागतात. २०१८ च्या आवृत्तीत दोन प्रतिमा किती जुळतात याची चाचणी आली, पण ती पेट-सीटीसाठी.

खरी गंमत प्रतिमेच्या दर्जाच्या फँटममध्ये आहे. त्यातले सहा गोलक, १० ते ३७ मिलिमीटर व्यासाचे, आपल्या सर्वांच्या ओळखीचे. हा फँटम पाण्याने भरला की पेट खूश होतो आणि एमआरआय रुसतो. ३ टेस्लाला पाण्यातल्या आरएफ लहरीची लांबी साधारण २६ सेंटिमीटर, फँटमची रुंदी जवळजवळ ३०. त्यामुळे प्रतिमेत उजळ-काळे डाग पडतात. तेल भरले तर एमआरआयची प्रतिमा सुधारते, पण एफडीजी तेलात विरघळत नाही. २०१३ मध्ये जर्मन संशोधकांनी अनेक द्रव तपासून ट्रायइथिलीन ग्लायकॉल सुचवले. ते महाग आहे, चिकट आहे, आणि भरताना बुडबुडे राहिले की तंत्रज्ञ आपल्याकडे ज्या नजरेने बघतो ती तुम्हाला माहीत आहे.

याहून गंभीर गोष्ट फँटमच्या भिंतीत आहे. प्लास्टिक एमआरआयला दिसत नाही. म्हणून क्षीणनाचा नकाशा आपण सीटीवरून बनवतो आणि संगणकाला आयता देतो. रुग्णाच्या बाबतीत मात्र तो नकाशा एमआरआयलाच काढावा लागतो. नेहमीच्या डिक्सन पद्धतीत हवा, फुप्फुस, चरबी आणि मऊ ऊती असे चारच वर्ग असतात. हाड मऊ ऊतींत गणले जाते, त्यामुळे कवटीलगतच्या मेंदूत पेटचा आकडा १० टक्क्यांहूनही अधिक खाली येऊ शकतो. यंत्राचा सर्वांत कच्चा दुवा हाच, आणि चाचणीत नेमका त्यालाच आपण बगल देतो.

पॉझिट्रॉनचा मुद्दा थोडक्यात. चुंबकीय क्षेत्र त्याची आडवी धाव आखडते, क्षेत्राच्या दिशेची तशीच ठेवते. कमी ऊर्जेच्या फ्लोरिन-१८ मध्ये हा फरक जाणवत नाही. गॅलियम-६८ मध्ये, विशेषतः फुप्फुसात, जाणवू शकतो. आपल्या चाचण्या मात्र फ्लोरिनवरच होतात.

मग करायचे काय? फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. मोजणी-ऱ्हासाच्या चाचणीला रात्र जातेच. तिच्या आधी किंवा नंतर तिचाच फँटम ग्रेडियंट बंद, ग्रेडियंट पूर्ण जोरात, आणि कॉइल चढवून, असा तीनदा मोजावा आणि मोजण्यांतला फरक क्षयाचा हिशेब करून नोंदवावा. पेट चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत एमआरआयमधला आरएफ गोंगाट व चुंबकीय क्षेत्राची एकसमानता बघावी. हाडाचा नकाशा पडताळायला ज्यांचा अलीकडचा सीटी हाती आहे असे रुग्ण निवडावेत, नैतिकता समितीच्या परवानगीने. आणि खरेदीच्या निविदेत एक ओळ आत्ताच घालावी: प्रत्येक लवचीक कॉइलचा आणि फँटमचा क्षीणन-नकाशा कंपनीने यंत्राबरोबर द्यायचा. एकदा शेवटचा हप्ता गेला की तो मागणाऱ्या पत्राला उत्तर येत नाही.