राज्यविचाराचा इतिहास कां वाचावा?



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें युरोपांतील राज्यविचाराच्या इतिहासावर बोलावें, ह्याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. सेमिनरींत मलाही हा विषय रुक्ष वाटे. परीक्षेपुरतीं नांवें व सनावळ्या पाठ केल्या आणि पुस्तक फडताळांत ठेवून दिलें. तें पुन्हां काढावयास लावलें अक्राणीच्या डोंगरांतील एका तरुणानें. वनहक्काच्या दाव्याचे कागद माझ्यापुढें ठेवून त्यानें विचारिलें, “फादर, सरकार आम्हांला जमीन देणार का?”

“देणार” ह्या शब्दापाशीं मी अडखळलों. २००६ च्या कायद्याच्या नांवांतच वनहक्क “मान्य करणें” असे शब्द आहेत. जें मान्य करावयाचें तें आधींपासून असावें लागतें. दान देणाऱ्यापुढें हात पसरावा लागतो; हक्क सांगणारा ताठ उभा राहतो. हा भेद पूर्वीं कोणीं मांडिला होता, हें शोधीत मी स्पेनमधील सालामांका विद्यापीठापर्यंत जाऊन पोंचलों.

१५३९ सालीं तेथें डोमिनिकन धर्मगुरु फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया ह्यांनीं अमेरिकेंतील मूळ रहिवाशांविषयीं व्याख्यान दिलें. मेक्सिको व पेरू हे देश तेव्हां स्पेनच्या तरवारीखालीं आले होते, आणि तेथील सोनें सेव्हिलच्या बंदरांत उतरत होतें. अशा समयीं ह्या प्राध्यापकानें सांगितलें कीं, स्पॅनिश लोक येण्यापूर्वीं हे लोक आपल्या भूमीचे खरे धनी होते. सम्राट साऱ्या जगाचा स्वामी नव्हे, पोपमहाशयांचीही ऐहिक सत्ता साऱ्या जगावर नाहीं. आणि कोणीं ख्रिस्ताचा स्वीकार केला नाहीं, एवढ्यावरून त्याची जमीन हिरावून घेतां येत नाहीं.

येथेंच पुस्तक मिटलें तर आपल्यास मोठें समाधान वाटेल. परंतु पुढील भागांत तेच व्हिटोरिया म्हणतात कीं, प्रवास, व्यापार किंवा सुवार्ताप्रसार ह्यांस बळानें अडथळा केल्यास युद्धास न्याय्य कारण मिळूं शकतें. एक दार लावून त्यांनीं दुसरें किलकिलें ठेविलें! पुढें १५५० सालीं व्हॅलाडोलिड येथील वादांत सेपुल्वेदा ह्यानें ॲरिस्टॉटलच्या आधारानें ह्या लोकांस स्वभावतःच दास ठरविलें. बिशप लास कासास ह्यांनीं त्याचें खंडन केलें. पण हे लास कासासही एके काळीं आफ्रिकेंतून गुलाम आणावेत म्हणत होते. मागाहून त्यांस त्याचा पश्चात्ताप झाला. पवित्र सभेचेंही असेंच. १८३२ सालीं पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनीं विवेकस्वातंत्र्याच्या मागणीचा निषेध केला, आणि १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेंतून येणारा हक्क असल्याचें जाहीर केलें. हें सांगतांना मला संकोच वाटत नाहीं. लपवितांना वाटला असता.

आमच्या महाराष्ट्रांत जोतीराव फुल्यांनीं तरुणपणीं थॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. पेन हा आम्हां धर्मगुरूंचा मित्र खचितच नव्हता! तरी तो ग्रंथ मीं ह्या वर्षीं आपल्या वाचनालयांत ठेविला आहे.

त्या तरुणास मीं हें सारें सांगितलें नाहीं. ग्रामसभेची वेळ होत आली होती, आणि दाव्याची सुरुवात कायद्यानें तेथूनच व्हावयाची असते. केवळ त्या दोन शब्दांतील भेद सांगितला. तो क्षणभर थांबून म्हणाला, “मग सोबतच्या अर्जांत ‘जमीन मिळावी’ लिहिलें आहे, तें खोडूं का?” आम्हीं तें खोडलें व वर “हक्क मान्य व्हावा” असें लिहिलें. दाव्याचा निकाल अद्याप यावयाचा आहे.